कागदाची वीज

आकडा उमटला आणि दीक्षानं टेबलाची कड घट्ट धरली.

तळहातावर मावेल एवढी पांढरी डबी. तिच्या फटीतून बाहेर आलेल्या कागदाच्या पट्टीवर डॉक्टर मिनल यांनी स्वतःच्या बोटातला रक्ताचा थेंब टेकवला होता. चष्मा वर सरकवून त्या आकड्याकडे बघत राहिल्या.

"बरोबर आहे. माझी साखर एवढीच असते. आणि याला चार्जिंग नाही, बॅटरी नाही?"

उत्तर रणजीतनं दिलं.

"नाही मॅडम. कागदावर एन्झाइमचा लेप आहे. रक्तातली साखर त्याला लागली की त्यातूनच वीज तयार होते. तेवढ्यावर डबी चालते."

किती बिनधास्त बोलत होता! दीक्षाला त्याच्याकडे बघवेना. चांगल्या कंपनीतली नोकरी सोडून तो तिच्याबरोबर चाकणच्या या पत्र्याच्या गाळ्यात आला होता, ते तिच्या या कागदापायी. काल संध्याकाळी तापलेल्या पत्र्याखाली तोच कागद दगा देऊन गेला. आकडा अर्धवट उमटला आणि विझला. आज सकाळी रणजीत यायच्या आत तिनं नव्या पट्ट्यांना जाडसर लेप दिला. त्या तपासून बघायची मात्र हिंमत झाली नाही. मग कागदामागच्या खाचेत तिनं गुंडीएवढा एक सेल बसवला. फक्त आजच्या दिवसापुरता, असं स्वतःला बजावत.

आकडा अजून ठळक होता. आता फक्त गप्प राहायचं होतं.

"भीमाशंकरच्या मागच्या वाड्यांमध्ये आमच्या संस्थेचं काम आहे," डॉक्टर म्हणाल्या. "गेल्या वर्षी तिथल्या एका गरोदर बाईची साखर बघायची होती. आमच्या तिथल्या कार्यकर्त्या मुलीनं यंत्र काढलं, तर त्याची बॅटरी संपलेली. दुसरी आणायची कुठून? बाईला खाली आणेपर्यंत उशीर झाला. बाई वाचली. पोटातलं मूल नाही वाचलं." त्यांनी डबी उचलून हातात फिरवली. "या पावसाळ्याआधी मला हिच्या पन्नास हव्यात. जमेल?"

"जमेल की!" रणजीत म्हणाला.

दीक्षाच्या डोळ्यांसमोर डोंगरातलं एक घर आलं. डबी हातात घेतलेली ती मुलगी आली, आणि काल विझला तसा विझणारा आकडा. पुढचं तिला बघवलं नाही.

"थांबा, मॅडम."

तिनं डबी जवळजवळ हिसकावूनच घेतली. घाईत स्क्रू-ड्रायव्हर दोनदा निसटला.

"दीक्षा, काय करतेयस?" रणजीत पुढे झाला.

"आत सेल आहे, मॅडम. मी लपवलाय. रणजीतला यातलं काही माहीत नाही. ही डबी कागदावर चालत नाहीये."

झाकण निघालं.

खाच रिकामी होती.

मागे नुसता ओला कागद होता, त्यातून निघालेल्या दोन तारा होत्या, आणि आकडा होता तसाच ठळक. दीक्षानं डबी उलटी करून पाहिली, टेबलावर आपटली. काहीच पडलं नाही.

"कुठंय सेल?" डॉक्टरांनी विचारलं.

रणजीतनं खिशातून सेल काढला आणि टेबलावर ठेवला.

"सकाळी झाकण उघडून आतले स्क्रू आवळताना दिसला. काढून टाकला."

"आणि मला बोलला नाहीस?"

"बोललो असतो, तर तू डबी यांच्यासमोर ठेवलीच नसतीस," तो हलकेच म्हणाला. "पट्टीवरचा लेपही जाडसर दिसला. तो चालतो का, ते मला बघायचं होतं."

दीक्षा स्टुलावर बसली. कागदानं तिला तारलं होतं, आणि नेमक्या त्याच क्षणी तिनं आपल्या तोंडानं सगळं घालवलं होतं. डॉक्टर मिनल यांनी टेबलावरच्या सेलकडे पाहिलं. त्यांनी पर्स उचलली. दीक्षानं मान खाली घातली, आणि झाकण लावायला हात पुढे केला.

"राहू द्या," डॉक्टर म्हणाल्या. पर्स बाजूला ठेवून त्यांनी दुसरं स्टूल टेबलाजवळ ओढलं. "झाकण लावू नका. आता दुसरी पट्टी घाला, आणि या वेळी थेंब तुमचा."