ब्रेक न मारणारा जावई

“अहो, ब्रेक मारा!” सासूबाई ओरडल्या.

जावयाने ब्रेक मारला नाही. टेम्पो उतारावरून सुसाट निघाला होता आणि खाली, उतार संपतो तिथे, रेल्वेचं फाटक बंद होत होतं. गाड्यांची रांग लागली होती. रांगेच्या शेवटी एक स्कूटर, स्कूटरवर मागे एक बाई, बाईच्या मांडीवर मूल. सासूबाईंना चष्म्यातून ते मूल दिसत होतं. ज्याच्या हातात चाक त्याला दिसू नये?

खरं तर त्यांना टेम्पोने यायचंच नव्हतं. पण लेकीला सातवा महिना लागला होता. तिच्याकडे राहायला जायचं, बाळाची झबली शिवायची, तर शिलाई मशीन बरोबर हवं, आणि मशीन बसमध्ये कोण चढवू देणार? जावई लोखंडी पाइप घेऊन त्याच बाजूला निघाला होता. मुखदुर्बळ माणूस. चार गोष्टी विचाराव्यात तेव्हा एकीचं उत्तर देणार. लेकीने याच्यात काय पाहिलं, हे कोडं सासूबाईंना लग्नापासून सुटलेलं नव्हतं.

निघताना त्याने मशीन हौद्याच्या मागच्या कोपऱ्यात ठेवून दोरीने बांधलं. सासूबाईंनी दोरी हलवून पाहिली. “असल्या सुतळीवर माझं मशीन येणार नाही. अर्धा संसार ओढलाय त्याने. तुमच्या मालाला लावता तसला पट्टा लावा.” जावई घुटमळला. काहीतरी बोलणार होता, पण त्यांचा चेहरा बघून त्याने ते गिळलं. कुठूनसा एक पिवळा पट्टा सोडून आणला आणि मशीनला करकचून आवळला. मग कुठे सासूबाई गाडीत चढल्या.

उताराच्या तोंडाशी एक कुत्रं आडवं आलं. जावयाने कचकन ब्रेक मारला. समोरची पाण्याची बाटली उडून काचेवर आपटली आणि सासूबाईंच्या पाठीमागे धाडकन आवाज झाला. “माझं मशीन!” त्या म्हणाल्या. जावयाने आरशात पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तेवढ्यात टेम्पो उताराला लागला, आणि तेव्हापासून त्याचा पाय ब्रेकवर गेला नव्हता. नुसते गिअर खाली आणत होता. इंजिन रडल्यासारखं ओरडत होतं, तरी वेग वाढतच होता.

“आई, पुढे वाका. डोकं गुडघ्याला लावा.”

“कमरेच्या दुखण्याचा पट्टा बांधलाय मी! वाकू कशी?”

“थोडं तरी.”

“नाही जमत! तुम्ही ब्रेक मारा आधी!”

त्याचा पाय उचलला गेला. सासूबाईंनी तो स्पष्ट पाहिला. पाय ब्रेकवर अधांतरी थांबला आणि पुन्हा बाजूला झाला. ब्रेक गेले असणार. गेले असणार आणि हा सांगत नाही. आता ती स्कूटरवाली बाई मान वळवून यांच्याकडेच बघत होती. सासूबाईंना लेकीचं पोट आठवलं. नातवंडाचं तोंड न बघताच जाणार आपण, आणि तेही या मुक्याच्या शेजारी बसून. त्यांनी डोळे गच्च मिटले.

हॉर्न वाजत राहिला. टेम्पो एका अंगावर कलला, डावीकडची चाकं उचलल्यासारखी झाली, टायर किंचाळले. मग गाडी चढाला लागली. डोळे उघडले तर समोर आभाळ, आणि फाटकाआधी फुटून पाण्याच्या टाकीकडे जाणारा उभ्या चढाचा रस्ता. मागे लोखंड घासत गेल्याचा कर्कश आवाज झाला आणि काहीतरी जड जड रस्त्यावर कोसळलं. झोका वर जाऊन मंदावतो तसा टेम्पो आपोआप मंदावला. अगदी थांबायला आला तेव्हा त्याने हँडब्रेक ओढला.

जावयाचे हात चाकाला चिकटल्यासारखे झाले होते. त्याची अशी दशा बघून सासूबाईंना क्षणभर कणव आली.

“ब्रेक फेल झाले होते ना?”

“नाही, आई. ब्रेक चांगले आहेत.”

“चांगले आहेत?” त्यांचा आवाज फाटला. “मग मारले का नाहीत? जीव घ्यायला निघाला होतात माझा?”

उत्तराची वाट न बघता सासूबाई कमरेला हात लावत उतरल्या. आधी मशीन बघायचं, मग याला चांगलं फैलावर घ्यायचं, असं ठरवून त्या मागे गेल्या.

मशीनला ओरखडाही नव्हता. पिवळा पट्टा तसाच घट्ट होता. पण त्यांच्या बाजूचे सगळे पाइप घसरून रस्त्यावर पडले होते. ते बांधायला तिथे पट्टाच नव्हता. नुसती रिकामी कडी लोंबत होती. हौदा आणि केबिनच्या मध्ये लावलेली लोखंडी जाळी त्या बाजूला मोडून पडली होती. त्यामागचा केबिनचा पत्रा पाइपांच्या तोंडांनी गोल गोल चेपला होता. एका जागी तर तो फाटला होता. सासूबाईंनी भोकात बोट घातलं. बोटाला स्पंज लागला. त्यांच्याच सीटचा.

त्यांना काचेवर आपटलेली बाटली आठवली. तो एका ब्रेकचा धक्का होता. आणि त्या दुसरा मागत होत्या, घसा फोडून.

टेम्पोला धरत धरत त्या पलीकडच्या बाजूला गेल्या. तिथे तसलाच पिवळा पट्टा जागच्या जागी होता, पाइप तसूभरही हलले नव्हते, आणि जावयाच्या सीटमागचा पत्रा नव्यासारखा सपाट होता.