छतावरचा बर्फ

सकाळी काबूलमध्ये लख्ख ऊन होतं, तेव्हा अकरा मुली चोरून माझ्या घरी शिकायला आल्या. वर्ग सुटेपर्यंत गल्ली बर्फानं पांढरीफटक झाली होती. शेवटची मुलगी गेली आणि मी गल्लीकडे पाहिलं. अकरा जणींच्या पावलांच्या खुणा थेट माझ्या दारातून निघाल्या होत्या, आणि गल्लीच्या तोंडाशी गस्तीची गाडी वळत होती.

तेवढ्यात धप्पकन बर्फाचा ढिगारा दारात कोसळला. छतावरचा बर्फ दरवर्षी माझ्याच दारात लोटणारे शेजारचे गफूरकाका फावडं मारत होते. खुणा पार गाडल्या गेल्या. मी वर पाहिलं.



"गप्प का, बाई?" काका वरून वाकून हळूच म्हणाले. "दरवर्षीसारखं भांडा. नाहीतर त्यांना संशय येईल."