राहिलेली वेणी

“घट्ट घाल गं, नोआ. इलोना अशी घालायची की डोळे ताणले जायचे.” नव्वदीच्या एस्तरआजीची वेणी उंदराच्या शेपटीएवढीच उरली होती, पण नातीकडून ती घालून घ्यायची हौस दांडगी.

लहानपणी शाळेच्या पायरीवर ती आणि इलोना रोज एकमेकींच्या वेण्या घालायच्या. मग नाझींनी दोघींना छळछावणीत नेलं आणि त्यांची डोकी भादरली. तुळतुळीत डोक्यांच्या त्या गर्दीत एस्तरला कुणीच ओळखू येईना. तेवढ्यात मागून दोन हात आले आणि तिच्या पाठीवर नसलेल्या केसांची तिपेडी वेणी घालू लागले. “हलू नकोस, वाकडी होईल!”

पुढे रोज सकाळी दोघींचा तोच खेळ. एकदा एस्तरची वेणी घालून झाली आणि हजेरीची शिट्टी वाजली. “तुझी संध्याकाळी घालते,” एस्तर म्हणाली.

संध्याकाळी इलोना नव्हती.

नोआने रिबीन बांधली. “झाली!”

“आता तू बस, माझ्याकडे पाठ करून.”

“आजी, माझा बॉयकट आहे!”

“असू दे.” नातीच्या मानेखालच्या रिकाम्या हवेत आजीची बोटं भराभर चालू लागली. “संध्याकाळ झालीय.”