कळांचं इंजेक्शन

पुतळीचं ऑपरेशन उरकून डॉ. म्हात्रे बाहेर आल्या, तेव्हा त्यांच्या चपलांवरही रक्त होतं. पेणच्या त्या दवाखान्याच्या पडवीत पुतळीची सासू सगुणा जमिनीवर बसली होती. नवरा जनू भिंतीला टेकून उभा होता. बाकावर कडक इस्त्रीचा सदरा घातलेला एक माणूस मांडीवर बॅग घेऊन बसला होता.

"बाई वाचली," डॉक्टर म्हणाल्या. "मूल पोटातच गेलं होतं. गर्भाची पिशवी फाटली होती, ती काढावी लागली. आता तिला पुन्हा मूल व्हायचं नाही."

सगुणानं पदराचा बोळा तोंडात कोंबला. जनू भिंतीवरून घसरत खाली बसला.

डॉक्टरांनी विचारलं, "कळा सुरू झाल्यावर तिला काय दिलं होतं?"

बाकावरचा माणूस उठला. "नमस्कार मॅडम. मी हिरामण. वडखळच्या पलीकडं, मिठागराच्या गावांत मीच बघतो सगळं. कळांचं इंजेक्शन दिलं. एकानं जोर धरीना, म्हणून आणखी एक दिलं."

"दंडात?"

"व्हय, दंडातच. हाताला यश हाय आपल्या. पनवेलला डॉक्टरकडं कंपाउंडर होतो ना."

त्याच्या अंगाला अत्तराचा वास येत होता. डॉ. म्हात्रेंनी त्याच्या बॅगेकडं पाहिलं. ते औषध सलाइनमधून थेंबाथेंबानं द्यायचं, तेही दवाखान्यात, बाळाचे ठोके ऐकत, पोटावर हात ठेवून. जास्त होतंय असं वाटलं की नळी बंद करायची. दंडात टोचलेलं बंद कसं करणार?

"तिचं पहिलं बाळंतपण सिझेरियननं झालंय. पोटावर व्रण आहे. तो दिसला नाही तुम्हाला?"

"दिसला ना! म्हणून तर म्हटलं, या खेपेला पोरीला कापायला लावायचं नाय. घरच्या घरी मोकळी करू."

"त्या व्रणावरच पिशवी फाटली. तुमच्या सुईनं फाटली."

"असं बोलू नको गो बाय त्याला," सगुणा कळवळून म्हणाली. "रिक्षा त्यानंच आणली. तो नसता तर सून पन गेली असती." तिनं पुढं सरकून हिरामणच्या पायावर डोकं ठेवलं.

"असू दे मावशी, असू दे," हिरामणनं तिला उठवलं. "आपलं कामच हाय ते."

डॉक्टरांनी जनूकडं पाहिलं. हा तरी काही बोलेल, निदान त्याची गचांडी धरेल, असं त्यांना वाटलं. जनू उठला, कोपऱ्यातल्या पिंपावरून पेला भरून आणला आणि दोन्ही हातांनी हिरामणपुढं धरला. हिरामणनं चूळ भरली, पडवीच्या कडेला टाकली आणि उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला.

"बोला... कळा आल्या? कधीपासून? घाबरू नका, निघालोच मी. सुई हाय बॅगेत."

डॉ. म्हात्रेंनी त्याच्या हातातून फोन हिसकावून घेतला. "ऐका! तिला कसलंही इंजेक्शन घेऊ देऊ नका. आत्ताच्या आत्ता गाडी करा आणि तिला पेणला दवाखान्यात आणा. उशीर करू नका."

पलीकडून एक पुरुषी आवाज चिडून म्हणाला, "तुम्ही कोन बोलताय? फोन आमच्या डॉक्टरांकडं द्या."