पाठीतलं इंजेक्शन

"द्या हो तिला ते पाठीतलं इंजेक्शन!" सासूबाई भूलतज्ज्ञ बाईंची वाट अडवून उभ्या होत्या. "पाया पडते तुमच्या."

"मी तयारच आहे. पण त्याच नको म्हणतायत. दोनदा विचारलं." भूलतज्ज्ञ बाई हळू आवाजात म्हणाल्या. "थोड्या वेळानं मला दुसऱ्या एका ऑपरेशनला उभं राहायचंय. त्याआधी तुम्ही एकदा समजावून बघा."

काय ही वेळ! गेले कित्येक महिने घरात याच इंजेक्शनवरून जुंपली होती, आणि तेव्हा सगळं नेमकं उलटं होतं. सुनेला ते हवं होतं आणि सासूबाईंना त्याचं नावही नको होतं. दवाखान्यात गरोदर बायकांचा वर्ग भरायचा. तिथे डॉक्टरीण बाईंनी सगळे उपाय समजावून सांगितले. मास्कमधून ओढायचा वायू, कमरेवर टोचायचं औषध, कोमट पाण्यात बसणं, कंबर चोळून घेणं आणि सगळ्यात खात्रीचं ते पाठीतलं इंजेक्शन. सून मन लावून ऐकत होती. सासूबाई मात्र सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "मी तीन बाळंतपणं काढली, तोंडातून ब्र काढला नाही. कळा सोसल्याशिवाय का कुणी आई होतं?"

हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं, की पुढे जेवताना, कपडे वाळत घालताना, शेजारणीशी बोलताना त्या ते ऐकवत राहिल्या. सूनही काही कमी नव्हती. "मग दाढ काढताना तुम्ही भूल का घेतलीत, आई?" तिनं एकदा विचारलं. मुलगा ताटात तोंड खुपसून हसला. सासूबाईंनी दोघांशी अबोला धरला. शेवटी इंजेक्शन घ्यायचं ठरलंच. सासूबाई हरल्या, पण वाक्य काही त्यांनी सोडलं नाही.

आज सकाळी तपासणीच्या खोलीत डॉक्टरीण बाईंनी सुनेच्या पोटावरून यंत्र फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग यंत्राचा पडदा दुसरीकडे वळवला. बाळाचा ठोका लागत नव्हता. दिवस भरत आले होते. कळा आणायचं औषध देऊन बाळंतपण करायचं, एवढंच आता हातात होतं. मुलगा बाहेर बाकावर डोकं धरून बसला होता. "निदान त्रास तरी नको गं तिला," एवढंच तो आईला म्हणाला.

सासूबाई आत गेल्या. नर्सनं पाळणा केव्हाच बाहेर नेला होता. तो ठेवायची कोपऱ्यातली जागा रिकामी होती, आणि तिकडे बघायचं नाही असं ठरवूनही त्यांनी बघितलं. सून पलंगाचा गज धरून वाकली होती. कळ ओसरेपर्यंत सासूबाई थांबल्या. मग तिच्या कपाळावरचे ओले केस मागे सारत म्हणाल्या, "घे गं ते इंजेक्शन. कशाला सोसतेस? आता कुणासाठी?"

शेवटचे शब्द निसटले आणि त्यांना जीभ हासडावीशी वाटली.

सुनेनं मान हलवली. "नको."

"मी बोलले ते मनावर घेऊ नकोस. अगं, खोटं होतं सगळं. तिन्ही वेळा दवाखाना डोक्यावर घेतला होता मी. तुझ्यापुढे मोठेपणा मिरवायला बोलत होते." आयुष्यात पहिल्यांदाच त्या सुनेसमोर रडत होत्या. दारात भूलतज्ज्ञ बाई येऊन थांबल्या होत्या. त्यांनी घाई केली नाही.

पुढची कळ यायला लागली. सुनेनं सासूबाईंचा हात धरला, इतका घट्ट की अंगठी बोटात रुतली.

"त्याचं रडणं ऐकायला मिळणार नाही. त्याला पाजता येणार नाही," ती दम घेत म्हणाली. "कळा तेवढ्या उरल्यात. राहू द्या, आई. तेवढी तरी आई होऊ द्या मला."