सासरी रमलेली

"आलं गं बाई उंबराचं फूल!" वच्छलाबाई दारातूनच ओरडल्या, शेजारच्या दोन घरांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. सुचिता अंगणात उभी होती. हातात पिशवी नाही, सोबत जावई नाही, आणायला माहेरचं कोणी गेलेलं नाही. नांदती लेक अशी एकटी येत नसते. वच्छलाबाईंच्या ते ध्यानात आलं, पण आधी कौतुक उरकून घ्यावं म्हणून त्या हसत राहिल्या.

उंबराचं फूल कोणी पाहिलेलं नसतं. म्हणून वर्षानुवर्षं तोंड न दाखवणाऱ्या माणसाला सगळे तेच म्हणतात. सुचिताला हे नाव वच्छलाबाईंनीच दिलं होतं आणि मोठ्या तोऱ्यात दिलं होतं. शेजारच्या बनाबाईची लेक पोळा म्हणू नका, दिवाळी म्हणू नका, उठली की माहेरी. आपली मात्र दोन वर्षांत एकदा आली, तीही उभ्या उभ्या. जिला माहेर आठवत नाही तिचं सासर चांगलं, असा वच्छलाबाईंचा ठोकताळा होता. नळावर चारचौघींत त्यांनी तो भरपूर मिरवला होता.

"आई, मी वापस जाणार नाही," आत येताच सुचिता म्हणाली.

"काऊन वं? भांडण झालं?"

"घरचे सारे वावरात कामाले जातात तवा मले खोलीत कोंडतात. बाहेरून कुलूप लावतात. मोबाईल कधीचाच काढून घेतला. आज सासू कुलूप लावाचं विसरली, म्हणून आली."

हे ऐकून आईला रडू यायला हवं होतं. वच्छलाबाईंना आठवली ती धाकटी रेणुका. तिचं हिवरा आश्रम गावच्या स्थळाशी नुकतंच जमलं होतं, साखरपुडा तोंडावर होता. थोरली सासर सोडून आल्याचं कळलं, तर ती माणसं माघार घेणार.

"नव्या सुनेवर वचक ठेवतातच लोक," त्या म्हणाल्या. "आज जाय. पंचमीले तुले आणाले तुया भावाले मुराळी म्हणून धाडू. मानानं ये."

सुचिता कसंनुसं हसली.

"तू मले उंबराचं फूल म्हणते ना, आई? मी कॉलेजात शिकली. उंबराले फूल येते. पण ते फळाच्या आतच असते, बंद. म्हणून कोणाले दिसत नाही."

वच्छलाबाईंनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि देवघरातून हळदकुंकू आणलं. बाहेर सुचिताच्या वडिलांनी, उत्तमरावांनी, मोटारसायकल सुरू केली होती. जावयाचा फोन येऊन गेला होता आणि लेकीला दुपारच्या आत पोचवतो, असा शब्द देऊन ते मोकळे झाले होते.

लेक रिकाम्या ओटीनं जाऊ नये. तांदूळ, नारळ, खण घेऊन वच्छलाबाई समोर आल्या. सुचितानं दोन्ही हातांनी पदर पुढे केला. बांगड्या मागे सरकल्या. मनगटांवर दोराचे वळ होते. काही जुने, काळे पडलेले. काही अजून ओले.

दोन वर्षं आपण काय मिरवत होतो, ते वच्छलाबाईंना लख्ख कळलं. लेकीला पोटाशी धरावं, दाराला आतून कडी घालावी, नवऱ्याला सांगावं की बंद कर ती गाडी. सगळं मनात येऊन गेलं. सुचिता त्यांच्या तोंडाकडे बघत होती. आईनं वळ पाहिले, हे तिनं पाहिलं होतं.

तेवढ्यात बनाबाई दारात आली.

"हे काय वं? आत्ता आली न् लगेच निघाली पोरगी?"

वच्छलाबाईंनी तांदूळ पदरात सोडले. लेकीच्या बांगड्या हळूच पुढे ओढून मनगटांवर नीट बसवल्या.

"हाव ना बाई," त्या म्हणाल्या, "तिले सासरबिगर करमतच नाही."