कारल्याचा मांडव

“अहो, परसात ऊन येतं ते या एकाच भिंतीवर, आणि ती माझ्या कारल्याच्या वेलाला हवी,” माझी बायको हेमलता म्हणाली. “तुमच्या टाइल्सना कशाला हवंय ऊन?”

मी हाताने टाइल्स रंगवतो. त्या लावायला मला दुसरी भिंत नव्हती, आणि वेल चढवायला तिला. भांडण इतकं पेटलं की घरात रोज नुसती खिचडी शिजू लागली. शेवटी मी नव्या टाइल्सवर तिच्या वेलासाठी मांडवच रंगवला. बांबू, सुतळी, सुतळीच्या गाठीसुद्धा. कच्चा रंग बघून तिने नाक मुरडलं.

“ही सुतळी की शेवाळं?”

“भट्टीतून निघू दे, मग बोल.”

टाइल्स भिंतीवर बसल्या आणि वेलाने रंगवलेल्या सुतळीलाच पहिला वेढा घातला. खोटं वाटत असेल तर या बघायला. बघता बघता वेल छपराला टेकला, कारली लोंबू लागली. “आमच्या ह्यांची सुतळी पावसात कुजत नाही,” असं ही शेजारणीला सांगताना मी स्वतः ऐकलं.

मग मलाही चेव आला. उरलेल्या टाइलवर मी एक कारलं रंगवलं, भट्टीत भाजलं आणि ती टाइल वेलाच्या मधोमध बसवली. सकाळी जाऊन बघतो तर टाइल कोरी करकरीत.

दुपारी ताटात कारल्याची भाजी होती. दुसऱ्याच घासाला दाताखाली कचकन वाजलं.

“काय झालं?” हेमलताने विचारलं.

“काही नाही,” मी म्हणालो. “आणखी वाढ.”